विटेवरचे आईबाप

मायबाप श्रोतेहो, पूर्वरंगात आपण एका शब्दापाशी थांबलो होतो. माउली. वारीत पाणी वाढणारा म्हणतो, "घ्या माउली." गर्दीत पायावर पाय पडला तरी आपण म्हणतो, "सांभाळा माउली." ज्ञानोबा माउली, विठाई माउली. आता बघा हं, यांतल्या कोणी तुम्हाआम्हाला नऊ महिने पोटात वाहिलं? ज्ञानोबारायांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. लग्न नाही, संसार नाही, तरी सातशे वर्षं सगळा महाराष्ट्र त्यांना आई म्हणतो. म्हणजे आपल्या संप्रदायानं आईपण कधी पोटाला बांधून ठेवलं नाही. गंगाखेडची जनी पोरवयात दामाशेटींच्या घरी आली, त्या घरची झाली, आणि पुढं तिनं विठ्ठलालाच आई करून टाकलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, हे आम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे, पण घरात वेळ आली की आपली जीभ वळते. कोणी मूल दत्तक घेतलं की आपण विचारतो, "कुणाचं आहे?" अहो, मांडीवर दिसतंय ना, मग त्यांचंच आहे! दुसरा म्हणतो, "पुण्य केलंत हो, पोराचं भाग्य उजळलं." हे बोलणं वरून गोड आहे, पण मला ते खटकतं. त्या लेकराची पहिली आई गेली, पहिलं घर गेलं, आणि आपण त्याला भाग्यवान म्हणतो.

ही पंढरी तर या गोष्टीची जुनी साक्षीदार आहे. इथं पूर्वी यात्रेच्या निमित्तानं अडलेल्या विधवा बायका येत, आणि लेकरं मागं राहत. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली अशा बायकांसाठी, लेकरांसाठी घर उघडलं होतं. त्यांनी स्वतः असाच एक मुलगा दत्तक घेतला, यशवंत. तो पुढं डॉक्टर झाला. आपल्या पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर नावाचे न्यायाधीश होते. त्यांच्या पुढाकारानं प्रार्थना समाजानं १८७५ साली इथं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तोच पुढचा नवरंगे बालकाश्रम. दर्शनाच्या रांगेत आपण बारा बारा तास उभे राहतो, पण या गावात देव आणखी कुठंकुठं पाळण्यात निजला, ते आपल्याला माहीत नसतं.

असो. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. मूल घरी आणलं, कागदावर सही झाली, पेढे वाटले. मग ते मूल आपलं कधी होतं? आणि त्याहून अवघड प्रश्न, आपण त्याचे कधी होतो?

आपण लगेच यशोदेचं नाव घेतो. बरोबरच आहे. पण नीट बघा. वसुदेवानं कृष्णाला नेलं तेव्हा तो जन्मून घटकाभर झालेला. त्याला मथुरा माहीत नाही, देवकीचा पदर माहीत नाही. डोळे उघडले ते यशोदेच्या कुशीत. आता मी ज्या लेकराची गोष्ट सांगणार आहे, ती पोर सव्वादोन वर्षांची होती. तिला यमुना जागेपणी ओलांडायची होती. सगळं कळत होतं, आणि सांगता काहीच येत नव्हतं.

ही गोष्ट मला एका आजींनी सांगितली. पुण्याच्या आहेत, आळंदीहून दरवर्षी पायी येतात. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. त्यांच्या घराच्या माडीवर इटलीहून एक जोडपं राहायला आलं. लग्नाला चौदा वर्षं झालेली. आपल्याकडची एक मुलगी त्यांना दत्तक मिळाली होती. परदेशात लेकरू द्यायचं तर वाटेल तसं देता येत नाही, मंडळी. १९९३ सालचा हेगचा करार आहे, भारतानं तो २००३ साली मान्य केला. दिल्लीचं कारा म्हणून प्राधिकरण आहे, ते बघतं, त्यांच्या देशाचं सरकार बघतं. मग आदेश, जन्माचा दाखला, पासपोर्ट, व्हिसा. शेवटचे कागद हातात पडेपर्यंत या दोघांना तीन आठवडे पुण्यात राहायचं होतं. परका देश, परकी भाषा, एक खोली, एक गॅसची शेगडी, आणि त्या खोलीत तीन माणसं. त्यांतल्या दोघांना आईबाप व्हायचं होतं, आणि तिसरीला कोणी विचारलंच नव्हतं.

संस्थेत तिला सांभाळणारी एक मावशी होती. त्या मावशीला मी इथूनच नमस्कार करतो. कारण तिनं काय केलं? पोर झोपली असताना मागच्या दारानं निघून गेली नाही. आपण तेच करतो ना? लेकरू खेळण्यात रमलं की पळ काढतो, आणि म्हणतो, रडायला नको. मावशीनं तसं केलं नाही. पोरीला कडेवर घेऊन आली, तिचा हात त्या बाईच्या हातात दिला आणि म्हणाली, "ही आई. हे बाबा. मावशी आता घरी जाणार." पोरीला लागणारं लुगड्याचं एक मऊ फडकं होतं, ते सोबत दिलं आणि बजावलं, "हे धुऊ नका. हिला त्याचा वास लागतो." बोलली, वळली आणि गेली. फाटकाबाहेर जाऊन किती रडली असेल ते पांडुरंगाला माहीत.

आता पुढचं ऐका. पोर रडली नाही. एक टिपूस नाही! दिलं ते खेळणं धरलं, बसवलं तिथं बसली. दूधवाला आला तर त्याच्याकडं हात पसरले. शेजारीण आली तर तिच्या मांडीवर गेली. सगळी आळी म्हणाली, "किती गुणी! कशी लगेच रुळली!" ती दोघं बिचारी आनंदली.

थोडं विलायतेचं सांगतो. मागच्या रांगेतले आबा म्हणतील, कीर्तनात विलायत कशाला? असू द्या आबा, लेकरू सगळीकडं लेकरूच. इंग्लंडात पूर्वी इस्पितळात मूल ठेवलं की आईबापांना फार भेटू देत नसत. मूल दोन दिवस रडायचं, मग गप्प व्हायचं. परिचारिका म्हणायच्या, रुळलं. जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थांनी १९५२ साली इस्पितळात ठेवलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीची चित्रफीत काढून डॉक्टरांना दाखवली. त्यांचे सहकारी जॉन बोल्बी, त्यांनी यावर पुष्कळ लिहिलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की लेकरू आधी आकांत करतं, मग त्याची आशा सुटते, आणि मग ते मन काढून घेतं. गप्प झालेलं पोर रुळलेलं असेलच असं नाही. हाक मारून उपयोग नाही, एवढं त्याला कळलेलं असतं. आणि जे पोर येईल त्याच्या मांडीवर बसतं, त्याला अजून कोणाचीच मांडी आपली वाटत नसते.

तिसऱ्या रात्री बांध फुटला. रात्री एकला सुरू झालं ते पहाटेपर्यंत. "मावशी, मावशी." ती बाई जवळ घ्यायला गेली की पोर धनुष्यासारखी ताठ व्हायची, तिच्या तोंडावर हात मारायची. बापाच्या खांद्यावर थोडी थांबायची, पण आई नको. आईचे केस पिवळे, अंगाला निराळा वास, बोलणं कळत नाही. आणि मावशीची जागा घ्यायला आली ती हीच, एवढं त्या जिवाला बरोबर समजलेलं. चौदा वर्षं वाट बघितलेली बाई जिन्यात बसून रडत होती. खालून आजींनी ऐकलं.

इथं मला यशोदा नाही, देवकी आठवते. भागवताचा दशम स्कंध काढून बघा. कंस मेला, कृष्ण-बलराम तुरुंगातल्या आईबापांपाशी आले, बेड्या तोडल्या, पायावर डोकं ठेवलं. आणि वसुदेव-देवकींनी काय केलं? मिठी मारली नाही! हे तर जगाचे ईश्वर, यांना पोटाशी कसं धरावं, असं त्यांना वाटलं. हात जोडून उभे राहिले. स्वतःच्या पोटचा मुलगा, पण वाढला दुसऱ्या अंगणात, म्हणून मध्ये अंतर. मग देवालाच मायेनं बोलून ते अंतर मिटवावं लागलं. आणि तेवढ्यानंही भागलं नाही. मथुरेचं सगळं वैभव समोर असताना देवानं उद्धवाला बोलावलं आणि सांगितलं, गोकुळात जा, माझ्या आईबापांची समजूत घाल. अहो, प्रत्यक्ष देवाला गोकुळ विसरता आलं नाही, आणि आपण सव्वादोन वर्षांच्या पोरीला म्हणतो, तीन दिवस झाले, अजून मावशी मावशी काय?

(विठ्ठल विठ्ठल. नामाचा गजर.)

आता आजींकडं येऊ. खरी परीक्षा त्यांची झाली. पोर जिना उतरून खाली आली. आजींचं सुती लुगडं, हातात बांगड्या, चुलीवर वरण, आणि तोंडात मराठी. पोरीला वाटलं, सापडलं माझं गोकुळ! आजींच्या मांडीत शिरली आणि झोपली. तीन संध्याकाळ असं झालं. आजी सुखावल्या. का नाही सुखावणार? नातवंडं दूर, घर रिकामं. आणि वर ती बाई कठड्याला धरून बघत उभी.

चौथ्या दिवशी संस्थेतली ताई भेटीला आली. तिनं बघितलं आणि आजींना बाजूला घेतलं. म्हणाली, "आजी, हिला तुम्ही घ्यायचं नाही. भरवायचं नाही, निजवायचं नाही. तीन आठवड्यांनी तुम्हीही सुटणार. मग हिची किती माणसं सुटायची? हिला एकच दार दिसू दे."

आजींना लागलं. मला सांगताना सुद्धा डोळे भरले. म्हणाल्या, "महाराज, माझ्या मांडीनं पोरीचं वाईट होतं का हो?" काय उत्तर द्यावं? एकादशीला फराळ टाकणं सोपं आहे, मंडळी. समोर ताट वाढलेलं, भूक लागलेली, आणि ते ताट दुसऱ्याच्या हातानं दुसऱ्याला द्यायचं, हे फार अवघड. पण आजींनी ते केलं. त्या ताईला म्हणाल्या, "मांडी देत नाही. पण माझी भाषा तर देऊ?"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माडीवर शाळा भरली. पोर खाली, बापापाशी अंगणात खेळायची, आणि वर आजी त्या बाईला शिकवायच्या. फार नाही, दहा-बारा शब्द. ये. पाणी हवं? भूक लागली? कुठं दुखतंय? घाबरू नको, मी आहे. ती बाई आपल्या लिपीत कागदावर लिहून भिंतीला चिकटवायची. "भ" तिच्या तोंडात बसेना, "बूक लागली" म्हणायची. "बाळ"चा "बाल" व्हायचा. आजी हसायच्या, ती हसायची. पण पोरीनं पहिल्यांदा "ये" ऐकलं तेव्हा मान वळवून त्या तोंडाकडं बघत राहिली. या तोंडातून आपली भाषा येते?

मग जेवण. त्या बाईनं चमचा पुढं केला की पोर तोंड फिरवायची. आजींनी दाखवलं. वरणभात हातानं कालवायचा, बोटांनी मऊ करायचा, तूप जरा जास्त, लहान घास, आणि घास देताना डोळ्यांकडं बघायचं. ज्या बाईनं जन्मात भातात हात घातला नव्हता, तिनं पाच बोटं बुडवली. पहिल्या दिवशी दोन घास गेले. दुसऱ्या दिवशी पाच.

एक दिवस उशीखाली बिस्किटाचे तुकडे सापडले, मुंग्या लागलेले. बाप टाकायला निघाला. ताईनं सांगितलं, तुकडे टाका, पण तिच्या हाताला येईल असा एक डबा भरून ठेवा, आणि कधी रिकामा होऊ देऊ नका. जिथं पन्नास लेकरं एका पंगतीला बसतात, तिथलं मूल उद्याची तरतूद करतं. त्याला चोरी म्हणायचं नाही. पोर दिवसातून वीस वेळा डबा उघडून बघायची. खायची नाही, नुसतं बघायची. आहे ना? आहे. झाकण बंद.

रात्रीची कथा वेगळीच. ती दोघं जमिनीवर गादी टाकून तिच्या दोन्ही बाजूंना झोपायची, पण हात लावायची नाहीत. नुसता हात उघडा ठेवायचा गादीवर. ती रडून उठली की बाई म्हणायची, "मी आहे." मोडकं मराठी. पोर ढकलून द्यायची. बाई परत म्हणायची, "मी आहे." ढकललं म्हणून रागावायचं नाही, आणि ढकललं म्हणून निघूनही जायचं नाही.

आता माझ्या मायबापांनो, डोळे मिटून त्या विटेकडं बघा. देव दारात आला. वैकुंठ सोडून आला. आणि पुंडलिक काय म्हणाला? थांब. वळून सुद्धा बघितलं नाही. आपल्या कामात होता तो. मागं वीट भिरकावली, यावर उभा राहा. देवानं असं म्हटलं का, की मी एवढ्या लांबून आलो, माझ्यासाठी एवढं करता येत नाही? उपकार मोजले का? नाही. कमरेवर हात ठेवले आणि उभा राहिला. अठ्ठावीस युगं. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, ही पोर आपल्या मावशीच्या दुःखात होती. दोघांनाही वळून बघायला सवड नव्हती. आणि ती दोघं इटलीहून आलेली, पुण्यातल्या एका माडीवर, विटेवर उभी होती. त्यांना विठ्ठल माहीत नव्हता. आम्हाला माहीत आहे, आणि आमचं लेकरू शाळेतून येऊन दहा मिनिटं बोललं नाही तर आमची वीट हलते!

(गजर.)

बाराव्या-तेराव्या दिवसाची गोष्ट. संध्याकाळी पोर अंगणात धावत होती. तुळशीवृंदावनाच्या पायरीवर अडखळली, पडली, गुडघा फुटला. आजी तीन पावलांवर. आई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, दोरीवरचे कपडे काढत होती. पोरीनं डोकं वर केलं. समोर आजी. आजींकडं बघितलं, ओठ वाकडा झाला.

आजी मला म्हणाल्या, "महाराज, माझे हात आपोआप पुढं गेले होते. ते मी मागं घेऊन पदरात बांधले. म्हटलं, बाळा, ती बघ आई. जा, आईकडं जा. आणि तुळशीकडं तोंड केलं. वारीत एवढे दिवस चालते, पण ती तीन पावलं न चालणं मला जड गेलं."

मागं एक क्षण काहीच आवाज नाही. मग पावलं वाजली. लहान पावलं. आजींच्या अंगावरून, त्यांच्या लुगड्याला घासून पलीकडं गेली. आणि अंगणाच्या त्या टोकाला पहिल्यांदा पोर मोठ्यानं, मनापासून, तक्रार केल्यासारखं रडली. ती बाई तशीच खाली बसली. कपडे चिखलात. "कुठं दुखतंय? कुठं दुखतंय?" तेवढंच येत होतं, तेवढंच म्हणत राहिली. पोरीनं गुडघा दाखवला. मग दुसरा, न फुटलेला गुडघाही दाखवला.

आजी आत गेल्या, देवापुढं दिवा लावला आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसल्या.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पोरीनं पुन्हा ताट भिरकावलं. रात्री पुन्हा मावशीची आठवण निघाली. फक्त आता मावशीसाठी रडायला ती आईच्या गळ्यात पडायची. कागद आले, व्हिसा आला. निघताना आजी मावशीसारख्याच वागल्या, लपल्या नाहीत. फाटकात उभं राहून म्हणाल्या, "आजी इथं राहणार. तू आईबाबांबरोबर जाणार." ते न धुतलेलं फडकं त्या बाईच्या पिशवीत वरच ठेवलेलं होतं. शब्दांचा कागदही तिनं भिंतीवरून काढून घडी घालून घेतला.

आठ महिन्यांनी इटलीहून व्हिडिओवर फोन आला. आजी नवं लुगडं नेसून बसल्या. पलीकडं पोर. केस वाढलेले, गाल भरलेले. आजींनी हाक मारली, "बाळा, ये!" पोरीला काही कळेना. एवढी लहान लेकरं भाषा भराभर विसरतात, सगळं मराठी गेलं होतं. तिनं आजींकडं परक्यासारखं टक लावून बघितलं आणि सुळकन आईच्या पाठीमागं जाऊन लपली. आईचा सदरा घट्ट धरून एका डोळ्यानं बघायला लागली. ती बाई ओशाळली, म्हणाली, माफ करा. आजी म्हणाल्या, "अगं, माफी कसली!"

जी पोर दूधवाल्याकडं हात पसरत होती, ती आता परकं माणूस दिसलं की आईमागं लपत होती. फोन ठेवला आणि आजींनी वाटी भरून साखर घेतली. आळीतल्या बायका विचारायला लागल्या, काय हो, काय झालं? आजी प्रत्येकीच्या हातावर साखर ठेवत म्हणाल्या, "पोरीनं मला ओळखलं नाही!"